उपाशी पट्टीतली पिवळी

कडूबाईंविषयी लिहायचं तर आधी माझी फजिती सांगावी लागते, म्हणून ती सुरुवातीलाच उरकून टाकतो. मी बन्सीधर. सोनपेठ तालुक्यात सव्वीस वर्षं कृषी सहायक म्हणून गावोगाव फिरलो. या सव्वीस वर्षांत शेतकऱ्यांना मी जे काही सांगितलं, त्यातलं निम्मं एका वाक्यात बसतं: खालचं पान पिवळं दिसलं की युरिया टाका. माझी मोटारसायकल वेशीतून आत आली की पारावरची माणसं हसून म्हणायची, "आला युरिया." मला त्याचा राग यायचा आणि थोडा अभिमानही वाटायचा. ज्या बाईनं हे वाक्य मला माझ्याच तोंडानं मागे घ्यायला लावलं, तिची ही हकिकत आहे.

कडूबाई तेव्हा चाळिशीच्या आतबाहेर होत्या. त्यांच्या नवऱ्याचं नाव सुग्रीव. दोघांची कोयत्याची जोडी, म्हणजे दिवाळी झाली की टोळीबरोबर ऊस तोडायला निघायचं आणि गुढीपाडव्याच्या सुमाराला परत यायचं. उसाच्या पात्यांनी कापून कापून कडूबाईंच्या हातांवर बारीक रेघांचं जाळं झालेलं होतं. बोलणं बेताचं. त्यांना एक खोड होती. वावरात शिरल्या की त्या ताठ उभ्या राहून पीक बघत नसत. उकिडव्या बसत आणि बुडापासून शेंड्याकडे बघत जात. आम्ही बाकी सगळे पीक बांधावरून बघणारे. मी तर बऱ्याचदा मोटारसायकलवरूनच बघायचो.

त्यांचं गाव गोदावरीपासून कोसभर अलीकडे. नदीच्या अंगाला काळं, जड रान आणि दुसऱ्या अंगाला मुरमाचा माळ. घर एकत्र. कारभार सुग्रीवच्या थोरल्या भावाकडे, किशनरावांकडे. काळं रान किशनराव स्वतः कसायचे, आणि माळालगतची पाऊण एकराची मुरमाड पट्टी धाकट्याच्या वाट्याला दिलेली, तीही नुसती कसायला. त्या पट्टीत काय पेरायचं हेसुद्धा अखेर किशनरावच ठरवणार. माणूस वाईट नव्हता. पण वावरात एकही पान पिवळं दिसलं की यांना रात्रभर झोप लागायची नाही, आणि ही सवय त्यांना मीच लावलेली होती.

आता ती पट्टी. दसऱ्याच्या मागंपुढं तिच्यात ज्वारी पेरायची आणि दोघं उसाला निघून जायचे. मग तिला खत कोण टाकणार? कुणीच नाही. किशनरावांच्या बायकोला, गीताबाईंना, काळ्या रानातून सवड मिळाली तर त्या एखादी चक्कर मारायच्या. आठ वर्षांपूर्वी पाडव्याला परत आल्यावर कडूबाई पट्टीत गेल्या तेव्हा ज्वारी अजून तशीच उभी होती. काढायच्या लायकीचीच नव्हती, म्हणून कुणी गेलं नव्हतं. कणसं वांझ, नाहीतर पाखरांनी टिपलेली. कडूबाई सवयीप्रमाणे बुडाशी बसल्या आणि त्यांना सात ताटं दिसली. बाकीच्या ताटांची खालची पानं मळकट हिरवी राहून तशीच करपली होती. या सातांची खालची चार-पाच पानं मात्र पिवळीजर्द होऊन, कागदासारखी कोरडी होऊन गळायला आली होती, आणि वर कणीस मुठीत मावणार नाही इतकं भरलेलं. पाखरांच्या तावडीतून ती कशी सुटली, देव जाणे.

दुसऱ्या कुणी ती कणसं जात्यात टाकली असती. कडूबाईंनी ती वेगळी बांधून ठेवली आणि पुढल्या वर्षी पट्टीच्या एका कडेला त्यांचा एकेक दाणा मातीत खुपसून टोबला. त्यातलीही जी खालून सगळ्यात शिस्तीत पिवळी पडली, त्यांचंच बी पुढं धरलं. असं सात वर्षं. सातव्या वर्षी पाऊण एकरभर तेच बी झालं. घरात त्याला नाव पडलं 'पिवळी'. ते नाव कौतुकानं ठेवलेलं नव्हतं. गीताबाई लोकांसमोर म्हणायच्या, "आमच्या धाकलीला कावीळ झालेली ज्वारी आवडती बाई." मीही हसायचो. दोनदा तर मी बांधावरून ओरडून सांगितलं होतं, "कडूबाई, युरिया!" त्यांनी दोन्ही वेळा मान डोलावली आणि दोन्ही वेळा काही टाकलं नाही.

मग परभणीहून अर्पिता आल्या. वनस्पतिशास्त्रात नुकतीच डॉक्टर झालेली मुलगी, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची. संशोधनाच्या एका प्रकल्पासाठी त्यांना अशी जागा हवी होती जिथं जमिनीत नत्र जवळजवळ नाहीच. दहा प्रकारच्या ज्वाऱ्या तिथं बिनखताच्या पेरायच्या आणि उपाशी ठेवल्यावर कोण तगतं ते बघायचं. मी त्यांना माझ्या टापूतल्या चौदा ठिकाणची माती काढून दिली. सगळ्यात दरिद्री माती कुणाची निघाली हे सांगायला नकोच. कडूबाईंनी पट्टी द्यायला लगेच हो म्हटलं, पण एक अट घातली. दहातली एक ज्वारी त्यांची असली पाहिजे. अर्पितांनी ती मान्य केली, आणि निकालाच्या कागदावर बी राखणारीचं नावही लिहीन म्हणाल्या.

हे पारावर चाललं होतं आणि किशनराव तिथंच बसलेले. ते म्हणाले, "म्याडम, ती कावीळवाली कशाला घेता? तुमचा कागद खराब करंल."

कडूबाई थोरल्या दिरापुढं सहसा बोलत नसत. त्या दिवशी पदर सारखा करून बोलल्या, "दादा, बिनखताच्या रानात तिच्या तोडीची दुसरी हाय का, ते तर बगू द्या."

"बरं," किशनराव म्हणाले. "दहात पयल्या तीनात आली तर पट्टी तुझी. काय पेरायचं ते पेर, मी जन्मात इचारणार न्हाई. आन् न्हाई आली तर पुढच्या साली तिथं मी सांगीन ते हायब्रीड. तुझं सगळं बी जात्यात. एक दाणा ठिवायचा न्हाई."

"ठरलं," कडूबाई म्हणाल्या. पाच माणसांसमोर बोललेला शब्द, तो आता कुणालाच गिळता येणार नव्हता. सात वर्षं एकेक कणीस निवडून जमवलेलं बी एका हंगामावर लागलं. सुग्रीव घरी जाऊन बायकोवर चिडला म्हणे, पण चिडून उपयोग काय.

पट्टीचे दहा तुकडे पाडले. प्रत्येक तुकड्यात बारा तास, म्हणजे पेरणीच्या बारा ओळी. कडूबाईंच्या ज्वारीचा तुकडा नऊ नंबरचा. उगवण चांगली झाली. दिवाळी झाली, टोळीचा ट्रॅक्टर वेशीत येऊन उभा राहिला, आणि कडूबाई जाता जाता गीताबाईंना सांगून गेल्या, "आक्का, तेवढं ध्यान असू द्या." मला म्हणाल्या, "सायब, फोटू धाडत जा. पण बुडातले धाडा. शेंड्याचे मला नगंत."

सत्तराव्या दिवशी गुण द्यायचे होते. अर्पितांनी मला तक्ता देऊन ठेवला होता: खालची पानं किती हिरवी आहेत ते बघून एकपासून पाचपर्यंत गुण. ज्याला दोनपेक्षा कमी, तो तुकडा बाद. त्याची पुढं मोजणीच नाही, सरळ कडबा. हा तक्ता त्यांच्या कुठल्याशा वरिष्ठांनी दुसऱ्या प्रयोगासाठी केलेला होता, तोच इथं वापरला गेला. शितावरून भाताची परीक्षा होते हे खरं, पण आम्ही शीत सोडून चुलीतल्या लाकडावरून भाताची परीक्षा करायला निघालो होतो. मी तक्ता घेऊन फिरलो. तीन नंबरला चार दिले, सहा नंबरला पाच. नऊ नंबरपाशी आलो, तर खालची तीन पानं पिवळी, चौथं निम्मं पिवळं. मी एक दिला. एकपेक्षा कमी द्यायची सोय नव्हती म्हणून एक.

गीताबाई शेजारीच गवत कापत होत्या. त्यांनी विचारलं, "किती पडले आमच्या कडूला?"

मी सांगितलं. वर हेही सांगितलं की परवा अर्पिता मॅडम स्वतः येऊन तपासतील आणि मग ते कायम होईल. त्यांचा चेहरा पडला. मला वाटलं होतं, बाई हसेल. सात वर्षं कावीळ कावीळ म्हणून चिडवणारी हीच. पण माणसाचं काही सांगता येत नाही. म्हणाल्या, "पिवळ्या पानांपायी गेले म्हणा की."

"पिवळ्या पानांपायीच," मी म्हणालो आणि निघून आलो.

पुढं काय झालं असेल ते आमच्याकडच्या कुणालाही लगेच कळेल. आमच्याकडे ज्वारीचा खालचा पाला काढून जनावरांना घालायची रीत आहे. बाया बोलत बोलत तासात शिरतात आणि बुडाची पानं ओरबाडत पुढं जातात. पीक मोकळं दिसतं, म्हशीला वैरण होते, आणि कुणी पाव्हणा येणार असेल तर वावर नवरीसारखं नीटनेटकं दिसतं. गीताबाईंनी दुसऱ्या दिवशी नेमकं तेच केलं. नऊ नंबरच्या तुकड्यात शिरून कडेच्या पहिल्या तासापासून एकेका ताटाची खालची चारही पानं काढत गेल्या. सहा तास झाले, पाल्याचा भारा डोक्यावर मावेनासा झाला, दिवस कलला. उरलेले सहा उद्या सकाळी मॅडम यायच्या आधी करू म्हणून त्या घरी आल्या. पण मॅडम सकाळी साडेसातलाच हजर झाल्या.

अर्पिता नऊ नंबरपाशी थांबल्या. एका बाजूचे सहा तास नुसते हिरवेगार, बुडापासून शेंड्यापर्यंत. दुसऱ्या बाजूचे सहा पिवळे. एकच बी, एकच माती. त्यांनी खाली वाकून ताटाच्या पेरावर बोट फिरवलं. पान जिथून तोडलं तिथली जखम अजून ओली होती. त्या उठून माझ्याकडे बघायला लागल्या. मी गीताबाईंकडे बघितलं. गीताबाई डोक्यावर पदर घेऊन मातीकडे बघत होत्या.

"म्या केलं," त्या म्हणाल्या. "तिचं बी जात्यात जाईल म्हणून केलं. तिला नका काई म्हणू, तिला ठावं बी न्हाई."

प्रयोगाच्या तुकड्याला कुणी हात लावला तर तो बाद, हा नियम लहान मुलालाही पाठ असतो. म्हणजे नऊ नंबर आता दोन कारणांनी बाद होता. अर्पितांनी दोन्ही बाजूंच्या आणि तुलनेसाठी बाकीच्या तुकड्यांतल्याही पानांचे बारीक तुकडे कापले आणि बर्फाच्या डब्यात ठेवले. जाताना मला म्हणाल्या, "कडूबाईंना तुम्हीच सांगा." असली कामं नेहमी माझ्याच गळ्यात पडतात.

मी फोन लावला तेव्हा कडूबाई उसाच्या फडात होत्या. मागं कोयत्यांचा आवाज आणि ट्रॅक्टरवरची गाणी. मी सगळं सांगितलं, गुणांचं, पाल्याचं आणि नियमाचं.

मग त्या म्हणाल्या, "आक्का रडायल्यात का?"

"रडतायत."

"त्यांना म्हणावं रडू नका. आन् सायब, उरलेल्या सहा तासांला कोणी हात लावला का?"

"नाही."

"मंग तसंच ऱ्हाऊ द्या. दोनी बाजू. कडबा करू नका. म्याडमला म्हणा, माजी बाद करा, पण कणसं येईस्तवर उभी ठिवा. मी पाया पडते." इतकी वर्षं ओळखतो, पण या बाईला गयावया करताना मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं, आणि मला माझी फार लाज वाटली. एकचा आकडा मी काढला होता ना.

चार दिवसांनी अर्पितांचाच फोन आला. आवाजात उत्साह मावत नव्हता. त्यांनी पानांचे तुकडे रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघितले होते. फोटोही पाठवला होता, पण मला त्यात अंधारात लुकलुकणाऱ्या ठिपक्यांशिवाय काही दिसेना. मग त्यांनी मला न कंटाळता समजावलं. झाडाला नत्र मिळेनासं झालं की जुन्या पानातल्या पेशी आपलेच भाग मोडायला घेतात. पेशीच्या आत एक इवलीशी पिशवी तयार होते. मोडायचा भाग, कधी पानाला हिरवं करणाऱ्या कणाचा तुकडासुद्धा, ती आपल्यात गुंडाळून घेते. पेशीच्या मध्ये पाण्यानं भरलेली एक मोठी पोकळी असते, तिला रिक्तिका म्हणतात. पिशवी तिथं जाऊन रिकामी होते. तिथं त्या भागाचे बारीक तुकडे होतात, आणि ते तुकडे पानाच्या शिरांमधून वर जातात, नव्या पानाला आणि कणसाला. फोटोतले ठिपके म्हणजे त्या पिशव्या. "नऊ नंबरमध्ये इतके ठिपके आहेत की मोजता येईनात," अर्पिता म्हणाल्या. "आणि तुम्ही पाच गुण दिलेल्या सहा नंबरमध्ये नावालाही नाहीत. ती उपाशी आहे, पण जुन्या पानातलं काही सोडायला तयार नाही."

"म्हणजे पान पिवळं पडतंय ते..."

"पान रिकामं होतंय, काका. आजारी पडत नाहीये. याला स्वभक्षण म्हणतात."

स्वभक्षण हे नाव ऐकून मला कसंतरीच झालं. तरी मी ते सगळं जसंच्या तसं कडूबाईंना फोनवर सांगितलं. सूक्ष्मदर्शक, पिशव्या, पोकळी, सगळं. मला वाटलं, पालथ्या घड्यावर पाणी. पण मला समजायला पाऊण तास लागला ते त्यांना पाच मिनिटांत कळलं.

"सोताला खात न्हाई ती, सायब," कडूबाई म्हणाल्या. "घर उतरवायलीय. गेल्या उन्हाळ्यात आमी नव्हतं का उतरवलं? जुन्या घराची एक खोली मोकळी करायची, तिचे पत्रे, लाकडं, खिळे बी काढून सडकंच्या नव्या खोलीवर न्यायचे. ते झालं की दुसरी खोली. जुन्यात ऱ्हात ऱ्हात नवं उभं केलं. आता निम्मीच खोली उतरवली आन् कोणी येऊन ती पत्र्यासकट उचलून नेली, तर नव्या घरावर काय टाकणार?" मग म्हणाल्या, "आक्कानं तेच केलं बगा. भरलेली खोली म्हशीला घातली."

मी हे अर्पितांना सांगितलं तेव्हा त्यांनी ते माझ्याकडून पुन्हा एकदा वदवून घेतलं. मग म्हणाल्या, "काका, नऊ नंबर बाद करायचा नाही. गुणांचा तक्ताच बाद करायचा. मी वर बोलते."

त्या खरंच वर बोलल्या, आणि भांडल्या असणार, कारण आठवड्यानं कागद आला. गुणांवरून कुणालाच बाद करायचं नाही, निर्णय दाण्याच्या वजनावर. प्रत्येक तुकड्यातले चारच तास मोजायचे. नऊ नंबरमध्ये न ओरबाडलेल्या सहापैकी चार निवडीसाठी, आणि ओरबाडलेल्या सहापैकी चार वेगळे, नुसत्या माहितीसाठी. किशनरावांना मी हे पारावर वाचून दाखवलं. ते म्हणाले, "वजनात तर तिची हार हमखास. पिवळ्या पानाला कधी कणीस भरतं का?" आणि त्यांनी साक्षीला माझ्याकडे बघितलं. पारावरच्या सगळ्यांनी बघितलं. सव्वीस वर्षांची सवय होती, 'नाही भरत' हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. मी म्हणालो, "मला माहीत नाही." माझ्या नोकरीत मी हे वाक्य बहुधा पहिल्यांदाच उच्चारलं, आणि पारावर हशा पिकला.

फेब्रुवारीत ज्वारी काढणीला आली. कडूबाई मुकादमाला सांगून चार दिवसांची सुट्टी काढून, दोन एसट्या बदलून आल्या. उतरल्या त्या थेट पट्टीतच गेल्या. गीताबाई तिथंच होत्या. कडूबाईंनी पिशवीतून उसाच्या दोन कांड्या काढून त्यांच्या हातात दिल्या आणि पिवळीच्या बुडाशी बसल्या. खालची पानं कोरडी खडखडीत, जराही हिरवेपणा उरला नव्हता. त्यांनी एक पान हातात चुरलं. त्याचा भुगा झाला. "रिकामं झालं," त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा मात्र उजळलेला होता.

खळं पट्टीच्या कडेलाच केलं. प्रत्येक तुकड्याची कणसं वेगळ्या पोत्यात खुडली, वेगळी बडवली, वेगळी उफणली. निम्मं गाव जमलं होतं. वजनाच्या काट्याशी किशनराव स्वतः बसले. म्हणाले, "मापात घोळ नको." अर्पिता वही घेऊन उभ्या. एक नंबर, एक किलो तीनशे. दोन नंबर, एक किलो पाचशे दहा. ज्याला मी पाच गुण दिले होते तो सहा नंबर, ताट अजून हिरवं ठेवून उभा होता तो, आठशे ग्रॅम. दाणा असा बारीक की राजगिरा वाटावा. तीन, चार, पाच आणि सात दीड किलोच्या खालीच राहिले. आठ नंबर सगळ्यात भारी निघाला, एक किलो सातशे चाळीस. आठ झाले तरी नऊचं पोतं बाजूलाच ठेवलेलं. किशनराव म्हणाले, "दहा आधी घ्या." दहाही झालं, एक किलो सहाशे.

मग नऊ. आधी ओरबाडलेल्या बाजूचे चार तास. एक किलो दोनशे वीस. लोकांत कुजबुज सुरू झाली. किशनरावांनी मिशीवरून हात फिरवला. गीताबाई मागच्या मागं सरकून बाभळीच्या आडोशाला गेल्या. तीनात यायला एक किलो पाचशे दहाच्या वर पाहिजे होतं, आणि उरलेल्या पोत्यातलं बीही हेच होतं. खरं सांगतो, माझी स्वतःची बढती अडली होती तेव्हाही मी इतका धास्तावलो नव्हतो.

न ओरबाडलेल्या चार तासांचं पोतं काट्यावर चढलं. किशनरावांनी आकडा बघितला आणि वाचलाच नाही. पोतं उतरवलं, काटा शून्यावर आणला, तळहातानं पुसला, पुन्हा पोतं चढवलं. पुन्हा बघितलं. लोक ओरडायला लागले, "वाचा की दादा!"

"दोन किलो," किशनराव म्हणाले, "एकशे चाळीस."

मग जो कल्ला झाला तो नदीपलीकडं ऐकू गेला असेल. पहिल्या तीनात काय, दुसरा जवळपासही नव्हता. मी टोपी काढून हवेत फेकली. पन्नाशी उलटलेल्या सरकारी माणसानं असं करू नये, पण मी केलं. अर्पितांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्या वहीत तोच आकडा पुन्हा पुन्हा लिहीत होत्या. एकच बी, एकच माती, मधे पाल्याचा एक भारा: खालची पानं पूर्ण रिकामी होऊ दिली तर दोन किलोवर, निम्म्यात तोडली तर सव्वाही नाही. असा पुरावा मुद्दाम ठरवूनही मिळाला नसता. हातच्या कांकणाला आरसा कशाला! एवढं मात्र सांगून ठेवतो, नाहीतर उद्या कुणी उलटं शिकेल: प्रत्येक पिवळं पान शहाणं नसतं. रोगानंही पान पिवळं पडतं. म्हणून बुडाशी बसून बघावं लागतं, आणि मी सव्वीस वर्षं बसलो नव्हतो.

कडूबाई मात्र ओरडल्या नाहीत की नाचल्या नाहीत. त्या बाभळीकडे गेल्या आणि गीताबाईंना हाताला धरून खळ्यावर घेऊन आल्या. "म्याडम," त्या अर्पितांना म्हणाल्या, "त्या कागदावर बी राखणारीचं नाव लिवायचं म्हनला होतात ना? आक्काचं बी लिवा. त्यांचे सहा तास नसते तर माज्या सहा तासांचं कोणाला पटलं असतं?"

"मला नगं बाई," गीताबाई पदरात तोंड लपवून म्हणाल्या. "काय लिवायचं? म्हशीला घातली म्हणून?"

"व्हय, तसंच लिवा," कडूबाई म्हणाल्या, आणि दोघी जावा हसायला लागल्या. हसू थांबेना, मग त्यातच गीताबाईंना रडू आलं. अर्पितांनी दोन्ही नावं लिहिली.

किशनराव काट्यापाशीच बसून होते. लोक पांगायला लागल्यावर ते उठले. त्यांचा शब्द गावात दगडावरची रेघ मानला जायचा आणि तो त्यांनी मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असा पाळला. "ठरल्यापरमानं पट्टी तुझी. काय पेरायचं ते पेर. मी इचारणार न्हाई."

कोणतीही बाई इथं पाया पडून घरी गेली असती. सुग्रीव असता तर त्यानं तिला ओढतच नेलं असतं. पण तो फडात होता, आणि कडूबाई तिथंच उभ्या राहिल्या. त्यांनी पोत्यातून मूठभर दाणे घेतले आणि तळहातावर पसरले.

"दादा, पट्टी आता पुरायची न्हाई," त्या म्हणाल्या. "दहा गावची माणसं बी मागतील. तुमच्या काळ्या रानातलं वड्याकडचं एक एकर पायजे."

जे लोक पांगत होते ते थांबले. ओढ्याकडचं ते एकर म्हणजे किशनरावांचा जीव की प्राण. तिथली ज्वारी डोक्याच्या वर जायची.

"त्या रानात?" किशनराव म्हणाले. "तितं तर रान भुकं न्हाई. खताचं रान हाय ते."

"दोन साल काई टाकू नका. हुईल भुकं." कडूबाईंनी मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत त्यांनी थोरल्या दिराच्या डोळ्याला डोळा भिडवलेला मी पहिल्यांदा पाहिला. "आन् पान पिवळं पडलं तर घाबरायचं न्हाई."

किशनरावांनी काळ्या रानाच्या दिशेनं बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. युरियाचा माणूस काय म्हणतोय, असं त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. मी नुसती मान डोलावून होकार दिला. त्यांनी खांद्यावरचा पंचा काढून तोंड पुसलं, कडूबाईंच्या तळहातावरचे चार दाणे उचलून दाताखाली फोडले, सावकाश चावले.

"घे," ते म्हणाले. "पण पयल्या साली बुडाशी मला संग घेऊन बस. मला ते बगायला शिकीव."